कॉलेजच्या तीन वर्षांत आमची पोरं हरवतात: क्रीडामंत्र्यांना खान्देशातून खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

2028 च्या जुलैत लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरेल, तेव्हा जगभरच्या खेळाडूंचा मुक्काम यूसीएलए या विद्यापीठाच्या वसतिगृहांत असणार आहे. एरवी ज्या खोल्यांत तिथली मुलं परीक्षेचा अभ्यास करतात, त्याच खोल्यांचं ऑलिम्पिक गाव होईल. तिथे याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण त्या देशाच्या पथकातले बहुसंख्य खेळाडू कॉलेजकडून खेळूनच पुढे आलेले असतात. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी 39 पदकं मिळवली. आपल्या अख्ख्या देशाला 6 मिळाली. केटी लेडेकी ही जलतरणपटू त्याच विद्यापीठात मानसशास्त्र शिकली. आज तिच्या नावावर 14 ऑलिम्पिक पदकं आहेत.

अमेरिकेकडे पैसा आहे, तिची बरोबरी कशाला करायची, असं कुणी म्हणेल. म्हणून सेंट लुशियाचं सांगते. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, लोकसंख्या दोन लाखांच्या आत, म्हणजे आमच्या एखाद्या तालुक्याएवढी. पॅरिसला तिथल्या ज्युलियन आल्फ्रेडने 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्या देशाचं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. ही मुलगी टेक्सास विद्यापीठात शिकली आणि त्या विद्यापीठाकडून धावली. शेजारच्या डॉमिनिकाचंही पहिलं पदक त्याच ऑलिम्पिकमध्ये आलं. तिहेरी उडीत सुवर्ण मिळवणारी थिया लाफाँड मेरीलँड विद्यापीठाची. या दोघींच्या देशांकडे पैसा नव्हता, मोठी स्टेडियम नव्हती. अठरा ते बावीस या वयात त्यांना कॉलेजने मैदान, प्रशिक्षक, जेवण आणि डॉक्टर दिले.

मंत्रिमहोदय, ही गोष्ट आपल्या मातीला परकी नाही. खाशाबा जाधव ज्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, त्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी 1952 ला त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असं आलं. खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे आणि कॉलेजाकॉलेजांत त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्या दिवशी खर्डेकर सरांचंही नाव निघावं असं मला फार वाटतं. महाराष्ट्राच्या पहिल्या पदकामागे एक कॉलेज उभं होतं.

पुढचं वैयक्तिक पदक यायला 72 वर्षं लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने, म्हणजे निवासी क्रीडा शाळेने, घडवलं, मध्य रेल्वेने नोकरी दिली आणि पॅरिसला त्याने रायफल नेमबाजीत कांस्य आणलं. बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे त्याच्या हातात वल्हं आलं आणि रिओला तो रोइंगमध्ये उतरला. या सगळ्यांचा मला अभिमान आहे. पण यातून दिसतं ते असं की महाराष्ट्रातून ऑलिम्पिकला जायचं तर वाट प्रबोधिनीतून तरी जाते, नाहीतर वर्दीतून. प्रबोधिनीतल्या जागा मोजक्या. सैन्याची वाट मुलींसाठी अजून अरुंद. उरलेली लाखो मुलं-मुली कॉलेजात येतात आणि तिथे त्यांचं धावणं थांबतं.

मी खान्देशातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालिका होते. नोकरीची सगळी वर्षं मी हे थांबणं पाहिलं आहे. आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, राज्यात 'अश्वमेध' या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला जातो. मुलाला ट्रॅकसूट मिळतो, तो 'कलर होल्डर', म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू, होतो, प्रमाणपत्र फाइलला लागतं. संघ बाहेर निघण्याआधी जेमतेम काही दिवसांचं शिबिर असतं. त्याआधी आणि त्यानंतर त्या मुलाने काय खाल्लं, कुठे सराव केला, दुखापत कुणाला दाखवली, याची नोंद कुणाकडेच नसते. एवढ्या भांडवलावर अखिल भारतीय स्पर्धेत पंजाब, हरियाणाच्या विद्यापीठांतल्या मुलांसमोर आमची मुलं उभी राहतात आणि पहिल्या फेरीत परत येतात.

त्यातच स्पर्धांचा हंगाम आणि सत्र परीक्षा एकमेकांवर येतात, आणि दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. शर्यतीचे महिने तेच कोयत्याचे महिने. माझी एक विद्यार्थिनी 1500 मीटर फार सुंदर धावायची. निवड चाचणी झाली की धापा टाकत मला विचारायची, "मॅडम, मना नंबर लागना का?" तिचा नंबर लागला होता. संघ निघाला तेव्हा ती आई-वडिलांबरोबर उसाच्या फडात होती, कारण तिला मागे ठेवायचं तर ठेवायचं कुठे, हा घरच्यांचा प्रश्न खरा होता. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. अशा मुलींची नावं मला आजही पाठ आहेत.

धावणारी पोरं खान्देशात कमी आहेत का? पहाटे शिरपूर, शहादा, चोपडा, अमळनेर, कुठल्याही गावाच्या रस्त्याला जाऊन पाहावं. अंधारात पोरं-पोरी धावत असतात. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. ठरलेल्या वेळेच्या आत आलं की पूर्ण गुण. त्याहून दहा सेकंद लवकर आली तरी तिचा एक गुणही वाढत नाही. पण ते दहा सेकंदच तर आम्ही शोधत असतो! भरतीच्या मैदानावर शासन हजारो तरुणांची धाव घड्याळ लावून मोजतं. नोकरीची यादी लागली की त्या वेळा कागदात मिटून जातात. माझी पहिली मागणी बिनखर्चाची आहे. गृह विभागाशी बोलून भरतीतल्या सर्वांत वेगवान मुला-मुलींच्या वेळा, त्यांची परवानगी घेऊन, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि विद्यापीठाकडे पोचवण्याची सोय करा. ज्यांना नोकरी लागली नाही त्यांच्याही. यातली बरीच मुलं त्याच वेळी कुठल्यातरी कॉलेजात बी.ए., बी.एस्सी.ला नाव लावून असतात.

सातपुड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागातली मुलं लहानपणापासून चढ-उतार पायी करतात, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. त्यावरून 'जन्मजात खेळाडू' म्हणून भाषणं होतात. तिरंदाजीचा विषय निघाला की एकलव्याचं नाव घेतलं जातं, आणि ऑलिम्पिकला लागणाऱ्या रिकर्व्ह धनुष्याच्या संचाची किंमत लाखांच्या घरात असते याचा उल्लेख होत नाही. डोंगर चढून फुप्फुसं बळकट होतील, पण रक्तात लोह कमी असेल तर ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात खाली बसते. नंदुरबार जिल्ह्यातलं कुपोषण आपल्या सरकारला सांगायला नको. वसतिगृहातल्या मुलांना मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर मिळतात तिथे घरी अडचण आली की ते पैसे घरी जातात, आणि पोरगी चहा-बिस्किटावर सरावाला येते. अशा मुलीला मी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे थोड्या विश्रांतीने पुन्हा पुन्हा जोरात धावायचा सराव, कसा द्यायचा?

दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ज्याला आपण 'वाहक' म्हणतो, म्हणजे आई किंवा वडील एकाच बाजूने दोष आलेला, तो माणूस एरवी निरोगी असतो आणि उत्तम खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, प्रशिक्षकाने एकदम जोराचा सराव लावला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. 2006 साली अमेरिकेत राइस विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू असाच गेला. त्यानंतर 2010 पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज खेळात ही तपासणी नियमात आली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 2023 ला सुरू झालं, तपासण्या होत आहेत, कार्डं दिली जात आहेत. पण त्या कार्डाचा आणि मैदानाचा काही संबंध जोडलेला नाही. आमच्या भागातल्या कुणाही खेळाडूला विद्यापीठाच्या शिबिरात घेण्याआधी ही तपासणी आणि हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी, आणि ती त्याला वगळण्यासाठी नव्हे तर त्याचा सराव, पाणी, विश्रांती ठरवण्यासाठी व्हावी. प्रत्येक शारीरिक शिक्षण संचालकाला हे शिकवलं गेलं पाहिजे. मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळिशीला टेकतो. इथे ही चूक परवडणारी नाही.

उन्हावरूनच तोरणमाळचं सुचवते. हजार मीटरहून उंच असलेलं हे ठिकाण उटीसारखं नाही, 'उंचीवरचा सराव' ज्याला म्हणतात त्यासाठी ते पुरेसं उंच नाही, हे मला कळतं. पण एप्रिल-मे-जूनमध्ये, खाली तापीकाठी सकाळी नऊनंतर बाहेर पडवत नाही तेव्हा, लांब पल्ल्याच्या धावपटूंना तिथे सकाळ-संध्याकाळ सराव करता येईल. मातीचा नीट आखलेला 400 मीटरचा ट्रॅक, पन्नासेक मुला-मुलींची राहायची जागा आणि स्वयंपाकघर एवढ्यावर उन्हाळी शिबिर सुरू होऊ शकतं. सिंथेटिक ट्रॅक नंतर आला तरी चालेल.

ऑलिम्पिकसाठी खेळाडू घडवण्याच्या आपल्या मिशन लक्ष्यवेध योजनेत 12 खेळ निवडलेले आहेत. त्यात ॲथलेटिक्स, कुस्ती, तिरंदाजी आहेत, म्हणजे आमचे तीनही खेळ आहेत. विभागाचं केंद्र नाशिकला धरलं तर धडगावच्या मुलीचा जाण्यातच दिवस जातो. म्हणून या योजनेत विद्यापीठाला स्वतंत्र टप्पा म्हणून जागा द्या. जळगावला विद्यापीठाच्या आवारात निवासी प्रशिक्षण केंद्र सुरू करा. प्रवेश चाचणीतल्या वेळांवर द्या, शिफारशीवर नको. मुलींच्या जागा निम्म्या ठेवा आणि ऊसतोड कुटुंबातल्या मुलींना हंगामभर तिथे राहता येईल असं बघा. अमेरिकेत 1972 साली मुलींना शिक्षणसंस्थांत समान संधी देणारा कायदा झाला, आणि पॅरिसला त्या देशाच्या पदकांपैकी अर्ध्याहून जास्त मुलींनी आणली. मुलींवर खर्च केला तर तो परत कसा येतो, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

स्पर्धेमुळे परीक्षा बुडाली तर फेरपरीक्षा हा खेळाडूचा हक्क असावा. आज तो प्राचार्यांच्या मर्जीवर आहे. आणि रिकामी पदं भरा. मी निवृत्त झाल्यापासून माझी जागा रिकामी आहे. खेळाचा कार्यभार मराठीच्या एका प्राध्यापकांकडे आहे. ते भले गृहस्थ आहेत, मैदानावर मनापासून उभे राहतात, पण थाळीफेकीचं तंत्र त्यांनी कुठून शिकवावं?

2036 चं ऑलिम्पिक अहमदाबादला व्हावं यासाठी आपला देश प्रयत्न करतो आहे. नंदुरबारहून अहमदाबाद मुंबईपेक्षा फार लांब नाही. आज जी मुलगी नऊ-दहा वर्षांची आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लंगडी खेळते, ती त्या वर्षी कॉलेजात असेल. तिच्यासाठी आत्ता पाया घातला तर वेळ पुरेल. चार वर्षांनी घातला तर पुरणार नाही, कारण धावपटू तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात.

या पत्राची प्रत मी उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, आदिवासी विकास मंत्री आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कुलगुरू यांना पाठवत आहे, कारण वसतिगृह, जेवण, परीक्षा आणि पदभरती या गोष्टी त्यांच्या सहीशिवाय होणार नाहीत. आपण पुढाकार घेऊन या सगळ्यांची एक बैठक जळगावला बोलवावी आणि ती जूनमधल्या प्रवेशांच्या आधी व्हावी, ही विनंती. खान्देशातले माझ्यासारखे निवृत्त आणि आज नोकरीत असलेले क्रीडा शिक्षक तिथे स्वखर्चाने येतील आणि आपापल्या भागातल्या मुला-मुलींच्या वेळांच्या वह्या बरोबर आणतील.

कळावे,

आपली,
खान्देशातली एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालिका