'कारण' या शब्दाखालची रेघ

प्रिय बाई,
जय ख्रिस्त.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून हे उघड पत्र. पंचहौदाजवळच्या तुमच्या दोन खोल्यांत मंगळवारी संध्याकाळी बायबलच्या वर्गात जे मिळतं, ते मोठमोठ्या सभांच्या मांडवांत मिळालं नाही. तिथे दर वर्षी विचारत, 'तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय याची खात्री आहे का?' दर वर्षी तेच हात वर होत. सोमवारी सकाळी घरी काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. फिलिप्पैकरांस पत्रातलं 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' तेवढं धाक घालायला वापरलं, आणि वाक्य अर्ध्यावर तोडलं. याचा राग अजून आहे.

त्या अर्ध्या वाक्याच्या धाकानं वर्गात एक मुलगी रडायला लागली, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिचं बायबल मांडीवर घेतलंत, पदरानं चष्मा पुसलात, आणि त्याच वाक्याच्या पुढच्या भागात, तेराव्या वचनाच्या पहिल्या शब्दाखाली, 'कारण'खाली, पेन्सिलीनं बारीक रेघ मारून पुस्तक परत दिलंत. 'आता सलग वाच.' कारण साधून देणारा तो देव आहे! चारचौघांत तिला न लाजवता. चुकीचं शिकवलं गेलेल्या माणसाशी असं वागणारे लोक आहेत, म्हणून मंडळी टिकून आहे.

पुढचं सगळं त्या रेघेतून आलं. सकाळी चहाआधी दहा मिनिटं, एकच स्तोत्र, आठवडाभर तेच. रात्री पापकबुली, पण 'काही चुकलं असेल तर क्षमा कर' अशी मोघम चालणार नाही. 'दुपारी जाऊबाईंशी खोटं बोलले' असं नाव घेऊन. दुकानदाराकडून पन्नास रुपये जास्त आले असतील तर आधी ते परत, मग प्रार्थना. जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली, तेव्हा येशू म्हणाला, आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे. पैसे फेडून तारण विकत घेतलं नव्हतं. घरात आलेलं तारण पैशांपर्यंत पोचलं होतं. अबोला असेल तर प्रभुभोजनाच्या रविवारची वाट न बघता शनिवारीच फोन.

तीन दिवस वाचन चुकलं की लोक चौथ्या दिवशी थकबाकी भरायला बसतात आणि आठवड्याभरात सगळंच सोडतात. तुम्ही मान्न्याची, रानात देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाची, आठवण दिलीत: माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, त्या दिवसापुरता; सकाळपर्यंत ठेवला की किडे पडत. आजचं आज वाचा. आणि ताप किंवा रात्रपाळीनंतर मन कोरडं पडलं की तारणच गेलं असं वाटतं, तेव्हा ५१वं स्तोत्र. दावीद तारणाचा हर्ष परत मागतो. हर्ष हरवतो, तो मागता येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त स्वतः पुढे कितीतरी वर्षांनी गवसला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव घेणाऱ्या आपल्या भागात तरी शंका आलेल्याला कुणी हिणवू नये.

आणि विसार! इफिसकरांस पत्रात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटलंय, हे वाचलं अनेकदा, पण 'विसार दिला म्हणजे व्यवहार पक्का, ताबा तेवढा बाकी' हे तुमच्याच तोंडून कळलं. आज राग आवरत नाही, जीभ घसरते, तरी व्यवहार मोडलेला नाही. बँकेत तारण आपण ठेवतो. इथे ते आपल्यासाठी दुसऱ्यानं ठेवलंय.

त्या मुलीच्या बायबलातली रेघ आता पुसट झाली आहे. पुढच्या मंगळवारी ती पेन्सिलीला टोक काढून आणणार आहे. पुन्हा तुमच्याच हातानं गिरवून हवी आहे तिला.

तुमचा मंगळवारचा वर्ग
पुणे