वाचनालयाचा ट्रान्झिट कॅम्प किती वर्षांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय "तात्पुरतं स्थलांतरित" झाल्याची चार ओळींची बातमी आपल्या पेपरात आली होती, सोबत फोटो पण होता, त्यात नारळ फोडणारी पाचसहा मंडळी होती आणि पुस्तक मात्र एकही दिसत नव्हतं. बातमीत सगळं होतं, कोणाच्या शुभहस्ते, कोण कोण उपस्थित, आभार कोणी मानले. फक्त हे तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत तेवढं नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, जुनी इमारत पाडायला माझा अजिबात विरोध नाही. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ती धोकादायक निघाली आणि खोटं कशाला बोला, निघायलाच हवी होती, पावसाळ्यात संदर्भ विभागात बादल्या लावलेल्या आम्ही सगळ्यांनी बघितल्यात. जागा मोक्याची, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे बिल्डर मिळायला काहीच त्रास झाला नाही. खाली दुकानं, वर ऑफिसं, आणि मधे कुठेतरी वाचनालयाला "प्रशस्त जागा" असं ठरलंय म्हणे. प्रशस्त म्हणजे किती स्क्वेअर फूट, कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंती धरून), कुठल्या मजल्यावर, हे विचारलं की कार्यकारिणीतले लोक एकमेकांकडे बघतात.

तोवर वाचनालय भाजी मंडईच्या वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. जिना अरुंद, त्यात अर्ध्या पायऱ्यांवर कांद्याच्या गोण्या, त्यामुळे सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा लोक पहिल्याच आठवड्यात गळाले. अभ्यासिका तर बंदच केली, एमपीएससी करणारी पोरं सकाळी सातपासून जागा धरायची, ती आता कोणी मंदिराच्या हॉलमध्ये बसतात, कोणी पैसे भरून खाजगी अभ्यासिकेत जातात, ज्यांना परवडत नाही ते घरी टीव्हीच्या आवाजात. आणि पुस्तकं? देवघेवीतल्या चालू कादंबऱ्या तेवढ्या वर आणल्यात, बाकी सगळी एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन वर्गांत. सुतळीने बांधलेले गठ्ठे, वरच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सुतळी रुतून खाच पडलेली, आणि गठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं "चरित्र" किंवा "संकीर्ण". दाखल क्रमांक (प्रत्येक पुस्तकाला रजिस्टरात मिळणारा नंबर) कुठून कुठपर्यंत ते नाही. म्हणजे एखादं पुस्तक हवं असेल तर चरित्राचे सगळे गठ्ठे सोडायचे. बांधीव दिवाळी अंकांचे खंड सरळ जमिनीवर ठेवलेत, खाली पाट नाही की प्लॅस्टिक नाही, खिडकीची एक काच फुटलेली. डांबरगोळ्या टाकल्यात म्हणे, मला वास आला नाही. आमच्या ग्रंथपाल मॅडम बिचाऱ्या काय करणार, शाळेची किल्लीच त्यांच्याकडे नाही, ती पालिकेच्या शिपायाकडे असते, आणि तो शिपाई कुठे असतो ते त्यालाच माहीत. काहीही मागा, उत्तर एकच, "ते गठ्ठ्यात आहे."

आता मला खरं नवल वाटतं ते आपल्याच लोकांचं. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत निम्म्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला गेल्या, त्यामुळे रिक्षावाल्यापासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत सगळे या विषयात तयार झालेत. घर रिकामं करायच्या आधी आपण काय काय मागतो बघा, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं का, कारपेट किती वाढवून मिळणार, भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक, शिफ्टिंगचे पैसे, कॉर्पस फंड, बँक गॅरंटी, उशीर झाला तर दंड, ओसी (इमारत वापरायच्या परवानगीचा दाखला) कधी. एवढं हातात पडल्याशिवाय किल्ली देत नाही. आणि तीच माणसं वाचनालयाच्या कमिटीत बसली की तोंडी आश्वासनावर अख्खं वाचनालय रिकामं करून देतात. म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, ट्रान्झिट कॅम्पात नवी इमारत होईपर्यंत तात्पुरते म्हणून गेलेल्या कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या तिथेच गेल्या हे मुंबईकराला सांगायला नको. ती माणसं निदान मोर्चा तरी काढू शकतात, गठ्ठ्यातली पुस्तकं काय काढणार.

हे फक्त आपल्याकडे होतं असं मात्र नाही. मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे गेले असताना न्यूयॉर्कमध्ये ५३व्या रस्त्यावरची एक लायब्ररी बघितली, मॉडर्न आर्टच्या मोठ्या म्युझियमच्या अगदी समोर. बाहेरून चकाचक काच, आत गेलात की लाकडी रुंद पायऱ्या खाली उतरतात, त्या पायऱ्यांवरच लोक लॅपटॉप घेऊन बसलेले, आणि पुस्तकं बघायची तर आणखी खाली, तळघरात. मला आधी छान वाटली, मग तिथल्या एका बाईंनी जुनी लायब्ररी कशी होती ते सांगितलं, आणि घरी येऊन मी त्याबद्दल वाचत बसले.

त्या जागेवर आधी डॉनेल लायब्ररी होती, १९५५ साली उघडलेली, सुमारे ९७ हजार स्क्वेअर फुटांची. मुलांचा विभाग, परभाषांतली पुस्तकं, सिनेमांचा संग्रह, या सगळ्यासाठी नावाजलेली. इमारत जुनी झाली, दुरुस्तीला पैसा नाही, हे पुराण आपल्याला पाठच आहे. २००७ साली सौदा जाहीर झाला, एका हॉटेल कंपनीला ५ कोटी ९० लाख डॉलरला जागा द्यायची, जुनी पाडून हॉटेल उभं राहणार आणि त्यातच खाली नवी लायब्ररी होणार, दोन-तीन वर्षांचा प्रश्न. २००८ ला लायब्ररी बंद केली, संग्रह वाटून टाकला, सिनेमे एकीकडे, परभाषा दुसरीकडे, मुलांचा विभाग तिसरीकडे. आणि त्याच वर्षी अमेरिकेत मंदी कोसळली. हॉटेलवाल्यांनी हात वर केले. लायब्ररी बंद, इमारत रिकामी, बांधणारा कोणी नाही, अशी वर्षं गेली. मग २०११ मध्ये दुसरे बिल्डर आले, त्यांनी पन्नास मजली टॉवर बांधला, वर श्रीमंतांचे फ्लॅट, खाली आलिशान हॉटेल. त्यातल्या सगळ्यात वरच्या एका फ्लॅटची जाहिरातीतली किंमत होती ६ कोटी डॉलर, म्हणजे अख्ख्या लायब्ररीच्या सौद्यापेक्षा जास्त. आणि लायब्ररी? ती उघडली जून २०१६ मध्ये, आठ वर्षांनी, २८ हजार स्क्वेअर फूट, त्यातली बरीचशी जमिनीखाली. वाटून दिलेले विभाग काही परत तिथे आले नाहीत, सगळं एकत्र मावेल एवढी जागाच उरली नव्हती.

न्यूयॉर्कसारखं शहर, वकिलांची तिथे कमतरता नाही, ओरडणारी वर्तमानपत्रं आहेत, तरी हे झालं. आमच्या कमिटीचा भर "बिल्डर चांगला आहे हो, ओळखीतला आहे" यावर. असेल चांगला. मंदी ओळखपाळख बघून येत नाही.

पण नीट पण होऊ शकतं, हेही सांगितलं पाहिजे. त्याच शहरात ब्रुकलिन हाइट्सची लायब्ररी पाडण्यासाठी २०१६ ला बंद केली, तिथे पण बिल्डर, तिथे पण टॉवर, लोकांनी कडाडून विरोध पण केला होता, आणि नवी जागा जुनीपेक्षा लहानच झाली. तरी मधल्या काळात जवळच्याच एका चर्चच्या जागेत लायब्ररी चालू ठेवली आणि २०२२ ला नवी उघडली. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चचं उदाहरण तर मला फारच पटलं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली, शहराचा मध्यभाग बंद करावा लागला, मुख्य लायब्ररी पुन्हा लोकांसाठी उघडलीच नाही, पुढे २०१४ मध्ये ती पाडली. अशा शहराला लायब्ररीचं काय पडलं असेल असं आपण म्हणू, पण त्यांनी शहराच्या मध्यभागीच पर्यायी जागा घेऊन लायब्ररी चालवली, मग पीटरबरो स्ट्रीट आणि मँचेस्टर स्ट्रीटवर दोन तात्पुरत्या शाखा बरीच वर्षं चालू राहिल्या. नवी पाच मजली इमारत ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडली. साडेसात वर्षं लागली म्हणजे उशीर झालाच, पण लोकांना त्या काळात पुस्तक मिळत होतं. आणि एवढं लांब तरी कशाला जा, पणजीची सेंट्रल लायब्ररी, १८३२ सालची, कितीतरी वर्षं मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती, तिला पणजीतच पाटो भागात स्वतःची इमारत बांधून दिली आणि मग पुस्तकं हलवली. आधी घर, मग सामान. आमच्याकडे उलटं.

आता कोणी म्हणेल जाऊ दे हो, हल्ली वाचतंय कोण, दोनचार वर्षं गैरसोय झाली तर काय बिघडलं. तर त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते, जी बहुतेक सभासदांना माहीतच नाही. आपल्याकडची सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालतात, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि सरकारी अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. वर्ग कशावर ठरतो, तर ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं नियतकालिकं किती घेता, रोज किती तास उघडं ठेवता. आता बघा, जिन्यामुळे म्हातारी माणसं सुटली, अभ्यासिका गेली म्हणून पोरं सुटली, पुस्तकं गठ्ठ्यात म्हणून उरलेले "अनामत परत द्या" म्हणायला लागलेत. सभासद घसरले, तास घसरले की तपासणीत वर्ग घसरू शकतो, वर्ग घसरला की अनुदान घसरणार, आणि कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्या अनुदानावरच, जे आधीच लाज वाटावी इतके कमी आहेत. एकदा खाली गेलेला वर्ग परत वर नेणं सोपं नाही, २०१२ मध्ये सरकारने ग्रंथालयांची पडताळणी केली, त्यानंतर तर कित्येक वर्षं वर्गवाढच बंद होती. म्हणजे नवी इमारत होईल तेव्हा तिच्यात न्यायला चालू स्थितीतलं वाचनालय शिल्लक असेलच असं नाही, नुसते गठ्ठे असतील. मग कोणीतरी म्हणणारच, एवढी जागा कशाला, एक खोली पुरे.

आणि आमची संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे. ट्रस्टची जागा विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते, सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यात कलम ३६ त्यासाठीच आहे. बिल्डरबरोबर नेमका काय करार झालाय, ती परवानगी लागत होती का, लागत असेल तर घेतली का, घेतली असेल तर त्या आदेशात वाचनालयाच्या नव्या जागेबद्दल काय अटी घातल्यात, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. कोणी खाल्लं वगैरे मी म्हणत नाहीये, माझा तसा संशय पण नाही. आळस आहे, आणि "विचारणारं कोण येतंय" ही खात्री आहे.

माझं म्हणणं फार मोठं नाही. करारनामा मंडईच्या जिन्यापाशी नोटीस बोर्डावर लावा, त्यात नव्या जागेचं कारपेट क्षेत्रफळ, मजला आणि ताबा द्यायची तारीख असू द्या, तारीख चुकली तर बिल्डरने महिन्याला काय भरायचं तेही. मंडईचं भाडं आज कोण भरतंय आणि काम रखडलं तर कोण भरणार ते लिहा. शाळेची एक किल्ली ग्रंथपालांना द्या, हे तर उद्या होण्यासारखं आहे, याला कुठल्या ठरावाची गरज नाही. गठ्ठ्यांवर दाखल क्रमांक टाका, त्यासाठी माझ्यासारखे चारसहा रिकामटेकडे सभासद फुकट यायला तयार आहेत, फक्त आत जाऊ द्या. खाली लाकडी पाट टाका पावसाळ्याच्या आधी. आणि पालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्याच असतात, त्यातला तळमजल्याचा एक वर्ग अभ्यासिकेला द्या, पंखे आणि दिवे आहेतच.

पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. दरवर्षी काय होतं ते माहितीये सगळ्यांना, गणसंख्येअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरते, चहा-बटाटेवडा होतो आणि सगळे विषय "सर्वानुमते मंजूर". यंदा सभासदांनी कृपा करून पहिल्या अर्ध्या तासात यावं. कराराचा विषय "ऐनवेळच्या विषयां"मध्ये ढकलू नये, विषयपत्रिकेत वेगळा छापावा, अशा मागणीचं सतरा सभासदांच्या सह्यांचं पत्र आम्ही कार्यालयात दिलंय आणि त्याची शिक्क्यासकट पोच घेतलीये.

आपली,
एक आजीव सभासद
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये)