शर्यतीत बर्फाच्या पाण्याचा टब हवाच

महोदय,
दोहा येथे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ जणींना ती अर्ध्यावर सोडावी लागली. दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग थंड होणार कसे?

गेल्या शर्यतीत माझ्या पुढचा तरुण झोकांड्या खाऊ लागला. नाव विचारले तर भलतेच बरळला. अंग घामाने निथळत होते, म्हणून स्वयंसेवकांना तो नुसता दमलेला वाटला. पण धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम थांबतोच असे नाही! अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्यात बसवून अंग थंड करायचे, रुग्णालय नंतर. पदकांवर खर्च करणाऱ्या आयोजकांनी एवढा टब ठेवायलाच हवा. तिथे तो नव्हता. आम्ही बाटल्यांतले कोमट पाणी त्याच्या डोक्यावर ओतत राहिलो.

– एक धावपटू