ट्रेसिंग पेपर ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्हांला कदाचित आठवतही नसेल. गेमसाठी काढलेल्या माझ्या शहराच्या चित्राला हात लावण्याआधी तुम्ही बॅगेतून ट्रेसिंग पेपर काढलात, चित्रावर ठेवलात, दोन कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलीत आणि मगच पेन्सिल टेकवलीत. निघताना ती पट्टी नखानं हळूहळू सोडवलीत, कागद फाटू नये म्हणून. माझ्या चित्रावर तुमची एकही रेघ नाही. घरी येऊन मी खूप रडले.

त्याआधी दोन वर्षं, बाबांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेल्या क्लासमध्ये, माझ्या चित्रांवर थेट सरांचा लाल मार्कर फिरायचा. "सध्या काय चालतंय ते बघ, तसं काढ." मी तसंच काढत गेले. काचेचे मनोरे, निऑन पाट्या, उडत्या गाड्या. शेवटी त्याच सरांनी सुनावलं, तुझ्या कामात तुझं असं काहीच नाही.

तुम्ही गेमसाठी शहरं रेखाटणाऱ्या व्हिक्टर अँतोनोव्ह यांचं सिटी १७ हे शहर उघडलंत. ते ज्यात आहे तो २००४ चा 'हाफ-लाइफ २' हा गेम मी खेळले होते, पण बघितला तुमच्यासोबतच. अँतोनोव्ह सोफियाचे, बल्गेरियातले. त्यांच्या शहरात पूर्व युरोपातली जुनी, पोपडे निघालेली घरं आहेत आणि त्यांच्या अंगावर चालून आलेलं परक्यांचं काळंनिळं पोलाद. त्या पोलादाला घराची दयामाया नाही, घराला पोलादाची ओळख नाही. हे शहर कुणाच्या तरी टाचेखाली आहे हे कुणी तोंड उघडायच्या आधीच कळतं. 'डिसऑनर्ड' या गेममधल्या डनवॉल शहराबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, की तिथं सगळं देवमाशाच्या तेलावर चालतं, मग दिवा कसा दिसेल, पहाऱ्याची यंत्रं कशी असतील, हे त्या तेलापासून सुरू होतं.

मग माझ्या मनोऱ्यांवर बोट ठेवून विचारलंत, "हे कुणी बांधलं? त्यांच्या हाताशी काय होतं?" मला उत्तर देता येईना. "बरं, तुझ्या गल्लीत लहानपणी काय दिसायचं?"

भोपळे, मी म्हणाले. मिरजेत आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे होतात. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे माळ्यावर टांगलेले असायचे, आणि घरभर लाखेचा वास.

"मग ते कुठं गेले?"

त्या ट्रेसिंग पेपरवर तुम्ही एकच वळण काढलंत, फुगीर पोट आणि वर निमुळती मान. पुढचं सगळं मी काढलं. पाणी साठवणारे भोपळ्याचे मनोरे, तारांवरून चालणारी माणसं, वारा सुटला की घुमणारं शहर.

ताई, शिकवणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या कच्च्या कामाचाही मान राखणारा माणूस मला पंचविसाव्या वर्षी भेटला. एवढी साधी गोष्ट इतकी दुर्मिळ का असावी, याचा मला अजून राग येतो.

परवा बाबांना चित्र दाखवलं. त्यांना गेममधलं काही कळत नाही. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "या भोपळ्याची मान बारीक झालीय. वाळताना तडा जाईल."

मी मान जाड केली आहे. नवी प्रत तुम्हांला कुरियर केली आहे, सोबत कोरा ट्रेसिंग पेपर.

तुमची,
मिरजेची मुलगी