जतला वाचाउपचारतज्ज्ञ द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

सांगलीतल्या एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या वाचाउपचारतज्ज्ञ, या पावसाळ्यात गेल्या. घरच्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या जत तालुक्यात त्यांना 'बोलायच्या बाई' म्हणत, आणि तेवढं सांगितलं की एसटीचा कंडक्टरही ओळखायचा. मी तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्यांच्यामुळे बोलती झाली. शोकसभेत त्यांच्या नावाने सभागृह व्हावं, पुरस्कार सुरू करावा, अशा सूचना आल्या. माझं मागणं वेगळं आहे आणि ते आपल्या खात्याकडेच आहे.

ताई दर गुरुवारी सांगलीहून जतला यायच्या. एका ओळखीच्यांच्या ओसरीवर सतरंजी घालून बसायच्या. पैसे ज्याला जमतील तेवढे, नाहीतर नाही. जमिनीवर मुलासमोर मांडी घालून बसायच्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला स्वतःचं तोंड येईल अशा. आईला बाजूला बसवून घ्यायच्याच, कारण त्यांचं म्हणणं असायचं की मी आठवड्यात अर्धा तास आहे, उरलेला आठवडा तुझा आहे. भाकरी थापताना काय बोलायचं, अंघोळ घालताना कोणते शब्द परत परत म्हणायचे, हे त्या आईकडून करून घेत.

दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन झालेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. ऑपरेशन मोफत झालं, टाळू नीट जुळली, पण बोलणं कुणाला कळेना. टाळू शिवली तरी हवा नाकातून सोडायची सवय राहते आणि प, ब, ट, क ही अक्षरं दबून जातात. ताई त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या. हवा नाकातून आली की आरशावर वाफ धरते, ती मुलाला स्वतःलाच दिसते. वाफ न धरता 'प' म्हणून दाखवायचा, एवढाच खेळ. तो किती आठवडे चालला, हे त्याच्या आईलाच माहीत.

ताईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वारी चुकली नाही. तरी सरावाचा शब्द त्या ज्याच्या त्याच्या घरातून उचलायच्या. वारकऱ्याच्या घरात 'पांडुरंग', लिंगायताच्या घरात 'बसवण्णा', मुसलमानाच्या घरात 'बिस्मिल्ला'. तिन्ही शब्दांची सुरुवात ओठ मिटून होते, म्हणजे सरावाला चांगले. आणि घरात दिवसातून अनेकदा आपोआप उच्चारले जातात. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या यात्रेत आलेल्या आयांशी त्या ओट्यावर बसून बोलायच्या. मूल बोलत नाही म्हणून वेखंड मधात उगाळून चाटवणाऱ्या, नवस बोलणाऱ्या बाईला त्यांनी कधी हिणवलं नाही. नवस फेडा, पण आधी कान तपासून घ्या, एवढंच सांगायच्या. ऐकू येत नसेल तर मूल बोलणार कुठून? जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम त्या अंगणवाडी सेविकांकडून पाठ करून घ्यायच्या. आमच्याकडे अनेक मुलांचं कमी ऐकू येणं पहिलीत आल्यावर लक्षात येतं.

आमचा तालुका कर्नाटकाला लागून आहे. पुष्कळ घरांत कानडी, शाळेत मराठी. मूल उशिरा बोलायला लागलं की कुणीतरी आईला सांगतं, घरात कानडी बंद करा, मूल गोंधळतंय. ताई यावर चिडायच्या. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. उलट आई स्वतःची भाषा सोडून तुटक मराठीत बोलायला लागली, तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच कमी होतं. मुलांना तपासता यावं म्हणून त्या आयांकडून कानडी शिकल्या.

एक आजोबा होते, शेतकरी. पक्षाघातात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळं समजायचं, पण बायकोचं नाव ओठावर येत नव्हतं. घरच्यांना वाटलं, डोकंच गेलं. ताईंनी गावच्या भजनी मंडळाला त्यांच्या घरी बोलावलं. टाळ सुरू झाले आणि आजोबा अख्खी ओळ म्हणाले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणं जातं, पण लहानपणापासून सुरात म्हटलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. त्या चालीवरच ताईंनी त्यांना 'पाणी दे', 'उठव मला' म्हणायला शिकवलं. त्यांच्या बायकोने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथे होते.

2019 च्या महापुरात सांगलीत ताईंच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं. सासूबाईंना नातेवाइकांकडे पोचवून त्या छावण्यांमधून कानाची मशीन भिजलेली, वाहून गेलेली मुलं शोधत फिरत होत्या. घरचं सोडून समाजाचं, असं मात्र त्यांनी केलं नाही. संध्याकाळी सातनंतर फोन बंद. मुलींचा अभ्यास, जेवण, सासूबाईंबरोबर हरिपाठ. गुरुवारी बऱ्याचदा त्यांचे पती रजा काढून गाडी चालवायचे.

साहेब, एका कुटुंबाने आपला गुरुवार दिला म्हणून एका तालुक्याचं हे काम चाललं. आता गुरुवारी ओसरी रिकामी आहे.

सरकारची व्यवस्था नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, मनापासून तपासतं. भाषाविकासातला विलंब, कमी ऐकू येणं, दुभंगलेले ओठ आणि टाळू या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. पण पथक मुलाच्या कार्डावर शेरा लिहून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं, आणि तिथेच सगळं अडतं. जत ते सांगली 80 किलोमीटरच्या घरात; उमदी, संखकडून त्याहून लांब. वाचाउपचार एका भेटीत होत नाही, आठवड्यामागून आठवडे करावा लागतो. इम्प्लांट बसवल्यावरही ऐकायला आणि बोलायला शिकवणं वर्ष-दोन वर्षं चालतं. प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडते, वर दोघांचं भाडं. दोन-तीन खेपांनंतर मूल येईनासं होतं आणि कागदावर 'पालकांचा प्रतिसाद नाही' अशी नोंद होते. ही नोंद वाचली की मला फार वाईट वाटतं. त्या आया मी पाहिल्यात.

म्हणून मागणं असं. जतच्या सरकारी रुग्णालयात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचाउपचारतज्ज्ञाचं पद मंजूर करा. ते लगेच शक्य नसेल, तर जिल्ह्याच्या केंद्रातला तज्ज्ञ ठरलेल्या वारी जतला पाठवा, आणि आटपाडी, कवठेमहांकाळलाही. कानडी येणाऱ्याला प्राधान्य द्या. मुलाबरोबर येणाऱ्या पालकाला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. तालुक्यात जिथे बाळंतपणं होतात, तिथे नवजात बाळाच्या कानाची चाचणी करणारं यंत्र आणि ते वापरणारं माणूस द्या. पद कंत्राटी असेल तर करार संपायच्या आत पुढचा करार करा. शिकवणारी व्यक्ती मध्येच बदलली की ही मुलं पुन्हा गप्प होतात.

यंदा माझ्या पहिलीच्या वर्गात अशी तीन मुलं आहेत. त्यांची कार्डं भरलेली आहेत, शेरे लिहिलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा त्यांना कोणत्या वारी, कुठे घेऊन जायचं, एवढं आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. जत, जि. सांगली