कंदमाशी

ती. आई-अण्णा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई दोनदा म्हणाली, "माझ्याच हातच्या तिखटानं झालं असेल." आई, मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांच्या आतड्यातला कोंब (पॉलिप) काढला, तपासला, त्यात कॅन्सर नव्हता. तिखटाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.

अण्णा, तुम्ही विचारलंत, "जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात, मग त्यांच्यामुळं कॅन्सर कसा?" लॅबमध्ये रोज जंतूच बघते, तरी फोनवर नीट सांगता आलं नाही.

हळदीचा कुजका कंद उकरला की कंदमाशीच्या अळ्या निघतात. मग तुमचं आणि काकांचं ठरलेलं भांडण: माशीनं कंद कुजला, की कुजलेल्या कंदावर माशी आली? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरही शास्त्रज्ञ असंच भांडतायत. 2011-12 च्या सुमारास दोन वेगळ्या गटांना गाठींमध्ये फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू भरपूर सापडला. त्याचं मूळ घर तोंडात, हिरड्यांच्या फटीत. 2024 मध्ये सिएटलच्या संशोधकांना त्याचा एक प्रकार सापडला, जो जठरातल्या आम्लातही तगतो. तपासलेल्या निम्म्या गाठींत तोच होता. आधी माशी की आधी कूज, हे त्यानं ठरत नाही. पण एकदा शिरला की तो गाठ वाढवतो, हे उंदरांत दिसलंय.

दुसरा जंतू थेट बियाण्यालाच, म्हणजे पेशीतल्या डीएनएलाच, हात घालतो. ई. कोलाय आपल्या सगळ्यांत असतो, बहुतेक निरुपद्रवी. त्याच्या काही जाती मात्र कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. ते डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकतं. दुरुस्तीत चुका राहतात आणि त्या चुकांचा ठसा ओळखू येतो. 2020 मध्ये नेदरलँड्समध्ये आतड्याच्या पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांना पाच महिने या जंतूच्या संगतीत ठेवलं. उमटलेला ठसा पुढं रुग्णांच्या गाठींतही सापडला. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा सत्तरीपुढच्यांपेक्षा चाळिशीच्या आतल्यांत तो 3.3 पट जास्त निघाला. हे दादाला वाचून दाखवा. त्याला कधी रक्त दिसलंच, तर तुमच्यासारखं मूळव्याध समजून सात महिने चूर्ण खात बसायला नको.

आई, "गोळ्यांचा कोर्स करून सगळे जंतू मारून टाकू" हे तुझं म्हणणं रद्द. चांगलेही मरतील. भाकरीतला, हुलग्यातला न पचलेला चोथा खाऊन ते ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात, आणि मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावरच पोसतं. अण्णांना संध्याकाळी शाळूची भाकरीच दे. पाव-बटर बंद.

अण्णा, येत्या शनिवारी दातांच्या डॉक्टरांकडं जायचंय, मी येतेय. हिरड्या साफ केल्यानं कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. पण ब्रशला रोज रक्त लागतं, ते आई मला सांगते बरं का. तंबाखूची पुडी घरी ठेवून निघा.

दुर्बिणीची पुढची तपासणी तीन वर्षांनी. तारीख मी माझ्या मोबाईलमध्ये घातलीय. तेव्हा हळदीची काढणी चालू असेल, हे कारण मी आत्ताच ऐकून घेतलंय असं समजा.

तुमची,
ताई