पाण्याचा न्याय वसईपुरताच नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर वर्षी १ जानेवारीला आमच्या वसईच्या चर्चमधून जागतिक शांतता दिनाची प्रार्थना होते. पोप सहावे पॉल यांनी १९६८पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि १९७२ साली त्याचा विषयच असा ठेवला की, शांती हवी असेल तर न्यायासाठी झटा. प्रार्थना आम्ही मनोभावे म्हणतो. मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की मात्र आवारातच कुणीतरी म्हणतं, 'फादरांनी मिस्सा करावी, लग्नं लावावीत. मोर्च्याबिर्च्यांत कशाला पडायचं?' असं म्हणणाऱ्यांत पस्तीस वर्षांपूर्वी स्वतः पाण्यासाठीच्या मोर्च्यात चाललेलेही आहेत, म्हणून हे पत्र.

१९९०मध्ये वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ आलं आणि इथल्या हिरव्या पट्ट्यातल्या वाड्यांवर इमारतींची छाया पडू लागली. त्याच सुमारास विहिरींना पंप लावून गोडं पाणी टँकरने विकण्याचा धंदा जोरात होता. समुद्र उशाशी असलेल्या गावात गोडं पाणी असं बेसुमार उपसलं की खारं पाणी आत सरकतं. ते मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पानवेली करपतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता'चे संपादक होते. त्यांनी हा विषय मासिकात मांडला आणि हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणलं. समितीत ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते. धमक्या आल्या तरी हत्यार कुणी उचललं नाही. मला वाटतं, शांती आणि न्याय एकत्र कसे नांदतात याचा यापेक्षा चांगला धडा आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी शिकवला गेला नसेल.

फादर २५ जुलै २०२४ला गेले. तेव्हापासून श्रद्धांजलीच्या सभा झाल्या, फलक लागले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, ही आठवण प्रत्येक वक्ता काढतो. बावखलांची आठवण फारसं कुणी काढत नाही. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकं म्हणा किंवा छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहतात. काठाला केळी, वर नारळ, पूर्वी शेजारी रहाट. आता रात्री डेब्रिजचा डंपर येतो, चार-सहा खेपांत बावखल सपाट होतं आणि वर्षभरात तिथे पत्र्याची शेड उभी राहते. जागा विकणारा आपल्यातलाच असतो आणि रविवारी दानपेटीत नोट टाकणाराही तोच. या एका गोष्टीवर व्यासपीठावरून स्पष्ट प्रवचन व्हायला हवं.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. वसई-विरारच्या नळाला जे पाणी येतं, त्यातला मोठा वाटा पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवरच्या प्रकल्पाचा. धामणीचं ते धरण बांधलं ते विक्रमगड, डहाणू, पालघर भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी. बहुतेक शेतकरी आदिवासी. आता ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेतून दररोज १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला, असा हिशेब ठरला आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याची वाट बघत राहतो. आमच्या विहिरींतून पाणी उपसलं तेव्हा ती चोरी होती. त्याच्या वाटणीचं पाणी आम्ही पितो तेव्हा तो विकास कसा?

नालासोपाऱ्याच्या चाळीत हंडे-कॅन लावून टँकरची वाट बघणारी बाईही गरीबच आहे, तिला तहानलेली ठेवा असं कोण म्हणेल? तिचं पाणी तोडू नका. पण वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या तालुक्याने एकही बावखल न वाचवता, सांडपाण्याचा एक थेंब बांधकामाला न वळवता धरणाकडे हात पसरायचा, हे बरं दिसत नाही.

आणि हे शेतकरी परकेही नाहीत. १९९८मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात (म्हणजे एका बिशपांच्या हद्दीत) डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हे सगळे तालुके येतात. म्हणजे ज्यांचं पाणी आणि जे पिणारे, दोघेही एकाच बिशपांच्या देखरेखीखाली! तिकडे आमचा संबंध बहुतेक नाताळच्या सुमारास जुने कपडे आणि फराळाची पाकिटं पोचवण्यापुरता. गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं मनापासून राबतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण ज्याचं पाणी घेतलं त्याला फराळ देऊन हिशेब मिटत नाही.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, पाळकीय मंडळापुढे (चर्चच्या सल्लागार समितीपुढे) दोन मागण्या ठेवतो. आपल्या हद्दीतल्या उरलेल्या बावखलांची यादी करून ती चर्चच्या सूचनाफलकावर लावावी, मालकाच्या नावासकट नको, पण गावासकट. दुसरी, ईस्टरआधीच्या येत्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचं स्मरण करणारी प्रार्थना) सूर्याच्या कालव्याकाठी करावी आणि नंतर तिथल्या शेतकऱ्यांसोबत बसून त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं. बसचं भाडं आम्ही वाड्यांतली माणसं वर्गणीने काढू.

आपला,
एक वाचक, वसई (प.)